पद्माक्काचा पंधरवडा

इरा, निहार,

मागच्या सोमवारी तुम्ही फोनवर सांगितलंत की ऑक्टोबर जवळ आला की तुमच्याकडे सगळे भुताचे सिनेमे बघत सुटतात, आणि यंदा तुमच्या शाळेतली मुलं व्हिडिओ गेम खेळून दवाखान्यासाठी मदत गोळा करणार आहेत. निहार म्हणाला, "आजी, तुला हे विचित्र वाटत असेल ना?" मी नुसती हसले. सांगायला लागले असते तर तुमची शाळेची बस चुकली असती. शिवाय त्याच्या आदल्याच दिवशी हैदराबादहून श्रीनिवासचा फोन आला होता, त्याची आई, आपली पद्माक्का, गेली म्हणून, आणि माझा आवाज धड नव्हता. आज ठीक आहे. तरी लिहूनच कळवते. लिहिताना मला गोष्टी ओळीने मांडता येतात. पद्माक्काची गोष्ट ओळीने मांडणं सोपं नाही, कारण ती बाई कुठे एका जागी थांबतच नसे.

आपली गल्ली जिथे संपते तिथून सोलापूरचा पूर्व भाग सुरू होतो. तिथे घराघरात तेलुगू बोलतात. पूर्वी प्रत्येक दुसऱ्या घरात माग होते आणि दिवसभर खटखट चालायची. आपल्या भिंतीला लागून जो लांबट पत्र्याचा कारखाना आहे तो पद्माक्काचा. तुमची आई लहान असताना तिथे टॉवेल आणि चादरी विणल्या जायच्या. पुढे तिथे छोटं मंगल कार्यालय झालं. साखरपुडे, बारशी, डोहाळजेवणं. मोठी लग्नं तिथे मावत नसत.

तिने बसून चहा घेतलेला मी पाहिला नाही. आपल्या स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला टेकून ती चहा घ्यायची, आणि कप अर्धा होईपर्यंत तिने माझी डाळ हलवलेली असायची, तेलाच्या बाटलीचं झाकण पुसलेलं असायचं आणि खिडकीतून दोनदा बाहेर डोकावलेलं असायचं. "बस गं जरा," म्हटलं की म्हणायची, "बसले की ओ बाई, आत्ता तर बसले हुते." कधी, कुठे, ते तिलाच ठाऊक. रस्त्यावर रिक्षा थांबल्याचा आवाज आला की ती बोलता बोलता गप्प व्हायची. रिक्षा पुढे गेली की वाक्य जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे सुरू.

याचं कारण गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. पण कुणी ते बोलून दाखवत नसे, आणि तीही नाही. तिचे यजमान नरसय्या हे शांत, बारीक अंगाचे गृहस्थ होते. माग बंद पडले तेव्हा ते काम शोधायला भिवंडीला गेले. पोचल्याचा फोन आला. त्यानंतर काहीच नाही. दीर अंबादास भिवंडीला जाऊन आला, सुरतेला जाऊन आला. पोलिसांत कळवून झालं. मुलगा श्रीनिवास तेव्हा शाळेत होता. कुठे बेवारशी रुग्ण आलाय असं कानावर आलं की पद्माक्का सरकारी दवाखान्यात जाऊन बघून यायची. परत आल्यावर मान हलवायची आणि कामाला लागायची.

दवाखान्याच्या त्या चकरांमधूनच पुढचं सगळं झालं. रुग्णाला आत जेवण मिळतं. पण सांगोला, मंगळवेढा, अक्कलकोटकडून त्याच्याबरोबर आलेला माणूस बाहेर झाडाखाली पाणी पिऊन पडलेला असतो. "बाई, आमचा माणूस पण कुटंतरी असाच कुनाच्या दारात बसला असंल की," एवढंच ती एकदा म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून दवाखान्याच्या फाटकासमोर तिची आमटीची बादली आणि भाताचं पातेलं उभं राहिलं. हळूहळू गल्लीतल्या चार बायका तिला मिळाल्या, पत्र्याचं छप्पर झालं, चूल गेली आणि शेगडी आली. पण धान्य सतत लागायचं आणि सतत संपायचं.

आता सिनेमाचं सांगते.

गणपती गेले की पितृपंधरवडा लागतो. त्या पंधरा दिवसांत कुणी साखरपुडा करत नाही, नवीन वस्तू घेत नाही, घर बघायला जात नाही. घरोघरी श्राद्धं होतात. गेलेल्या माणसाच्या आवडीचं रांधतात आणि त्याच्या नावाने गुरुजींना शिधा देतात. शिधा म्हणजे तांदूळ, डाळ, गूळ, तूप, असे न शिजवलेले कोरडे जिन्नस. कार्यालयाला मात्र त्या दिवसांत कुलूप. पद्माक्काला कुलूप सहन होत नसे. रिकाम्या शेडमध्ये ती येरझाऱ्या घालायची, खुर्च्या एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे न्यायची.

लग्नाचं शूटिंग करणारा वसीम त्याचा पडदा आणि प्रोजेक्टर तिच्याकडेच ठेवायचा. एके दिवशी दुपारी तो सामान पुसायला आला आणि म्हणाला, "अक्का, मेरा भी धंदा बंद हैच. एक पिक्चर लगाऊं क्या?" त्याच्याकडे होता तो नेमका भुताचा. छताच्या काचांवर चादरी टाकून अंधार केला, गल्लीतली माणसं डोकावली, कुणी शेंगा आणल्या. भाद्रपदातलं ऊन पत्र्यावर तापत होतं आणि आत सगळी घामेघूम होऊन किंचाळत होती. पडद्यावर पांढऱ्या साडीतली बाई विहिरीतून वर आली तेव्हा एकटी पद्माक्का खदखदून हसली.

"काय हसतेस गं?" मी विचारलं.

"बघा की ओ बाई. मेली तरी आली का न्हाय घरला? दार वाजवायली, नाव घेऊन हाका मारायली. ह्यांना भ्यायचं कशाला? येतात तरी."

मी पडद्याकडे बघत राहिले. पुढचा सिनेमा कसा होता ते मला आठवत नाही.

तेव्हापासून दर पितृपंधरवड्यात दुपारी पद्माक्काच्या कार्यालयात भुतं लागायला लागली. ती स्वतः कधी खुर्चीवर बसून बघत नसे. शेंगांचं ताट घेऊन खुर्च्यांच्या मागून फिरायची. नेमक्या जागी, जिथे पडद्यावरचं दार करकरायचं, तिथे पाण्यात बुडवलेला हात कुणाच्या तरी मानेवर ठेवायची. एकदा माझ्या ठेवला. मी शाळेत तीस-बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवताना मुलांना ओरडू नका म्हणून सांगत आलेली बाई, मी अशी ओरडले की वसीमने सिनेमा थांबवला.

"बाईंचं इंग्लिश कुटं गेलं?" ती म्हणाली. "शुद्ध मराठीत वराडल्या."

याला विरोध व्हायचाच होता. देशपांडे काका काठी टेकत आले. ते कचेरीत मोठे हेडक्लार्क होते, आणि दोनच वर्षांपूर्वी काकू गेल्या होत्या.

"पद्मा, हे काय चाललंय? पितरांचे दिवस आहेत. या दिवसांत भुतांचे सिनेमे?"

"मग कुणाचे लावू ओ काका? त्यांचेच दिवस हायत की."

"भुतं वेगळी आणि पितर वेगळे."

"व्हय का? काकूंना इचारलं का तुमी, त्या कोण झाल्या ते?"

मला वाटलं आता काका काठी उगारतात. ते उभे राहिले, मग म्हणाले, "ती भूत झाली असेल तर माझ्याच मानगुटीवर बसली असेल," आणि शेवटच्या रांगेत बसले. जाताना पद्माक्काने त्यांना दारात गाठलं. "काका, काकूंच्या नावाचा शिधा कुनाला देता?" "गुरुजींना." "त्यांना द्याच की. पर थोडा आमच्या बादलीला पण द्या. हितं दवाखान्यात लोकं उपाशी पडल्यात." दुसऱ्या दिवशी काका पिशवी घेऊन आले. तांदूळ होते, तुरीची डाळ होती, आणि वर वेगळ्या पुडीत काकूंना आवडायचे म्हणून खजूर होते. हे बघून बाकीच्यांनीही आणायला सुरुवात केली. सिनेमाला येणाऱ्याने आपल्या कुठल्या तरी गेलेल्या माणसाच्या नावाने शिधा आणायचा, असा रिवाजच पडला.

गेम आला तो श्रीनिवासमुळे. तो शिकायला हैदराबादला गेला तेव्हा त्याचं ते खेळायचं यंत्र घरीच राहिलं. दोघांनी दोन रिमोट घेऊन गाड्या पळवायच्या, जो आधी रेषेपार जाईल तो जिंकला. पद्माक्काला तो खेळ इतका आवडला की तिच्या पोळ्या करपायला लागल्या. ती उभी राहून खेळायची. गाडी डावीकडे वळली की ती सबंध डावीकडे वळायची. एकदा मोठ्या वळणावर ती आपल्या फ्रिजवर आदळली होती. गाडीत आपण स्वतः बसलोय असं नाही, तर गाडी आपण खांद्यावर घेऊन पळतोय, असं ते दृश्य असे.

वसीमने मग ते यंत्र कार्यालयातल्या पडद्याला जोडून दिलं. त्यात खेळणाऱ्याचं नाव घालावं लागतं, तेही इंग्रजी अक्षरांत. ते काम माझ्याकडे आलं. पंधरवड्यात एक दिवस देशपांडे काका पिशवी घेऊन लवकर आले. सिनेमाला वेळ होता. पद्माक्का म्हणाली, "काका, या की, एक डाव." काकांनी रिमोट उलटा धरला. मी विचारलं, "तुमचं नाव काय घालू, दत्तात्रय?" काका काही बोलायच्या आत पद्माक्का म्हणाली, "शिधा कुनाच्या नावाचा हाय? काकूंचा ना? मग काकूंनाच खेळू दे."

मी 'सुमन' असं घातलं. पडद्यावर लाल गाडी आली आणि गाडीच्या वर सुमन. काका तिच्याकडे बघतच राहिले. काकूंना उभ्या आयुष्यात सायकलही येत नव्हती. गाडी सुटली, कुंपणावर आपटली, पुन्हा निघाली, आणि काका ओरडायला लागले, "अगं हळू! सुमन, हळू! तिकडे नको!" सगळं कार्यालय हसत होतं. काकू हरल्या. पण काकांनी रिमोट सोडला नाही. पुन्हा एक डाव मागितला.

पुढे याचे नियम झाले. शिधा ज्याच्या नावाचा, त्याचं नाव पडद्यावर. त्याच्या घरचा माणूस त्याच्या वतीने खेळणार, आणि समोर दर वेळी पद्माक्का. पितर हरला तर घरच्यांनी एक दिवस दवाखान्यापुढे वाढायला यायचं. पितर जिंकला तर त्याच्या आवडीचा पदार्थ दुसऱ्या दिवशी पद्माक्का स्वतः करून त्या पंगतीला घालणार. ती मुद्दाम कधीच हरत नसे. मी एकदा म्हटलं, "अगं, एखाद्याच्या आईला जिंकू दे की." तर म्हणाली, "मेलेल्या माणसाला फसवायचं न्हाय बाई. त्यांना कळतंय." तरी अधूनमधून कुणी जिंकायचं. मग पंगतीला कधी पुरणपोळी असायची, कधी नुसता भाकरी-ठेचा, आणि एकदा कुणाच्या तरी आजोबांसाठी भरपूर वेलदोडा घातलेला चहा.

एकदा दवाखान्याच्या झाडाखालून एक मेंढपाळ आला. सांगोल्याकडचा, खांद्यावर घोंगडी. त्याची बायको आत होती. त्याने धोतराच्या सोग्यात मूठभर बाजरी आणली होती.

"हितं म्हातारीच्या नावानं द्यायचं व्हय? आमची आजी. बायजाबाई."

"द्या की. आणि खेळायचं पण."

"मला न्हाय जमायचं ओ ते."

"तुम्हाला कुटं खेळायचंय? आजी खेळणार हाय."

त्याने रिमोट घेतला. गाडी सुटल्याबरोबर मागे जायला लागली. पद्माक्काची गाडी पुढे आणि बायजाबाई उलट्या, कुंपणावरून, गवतातून, मागे मागे. माणूस क्षणभर घाबरला. मग त्याचा चेहरा असा उजळला की सांगता येत नाही. "आजीच हाय! आजीच हाय ओ! मेंढरं पुढं गेली की म्हातारी मागं फिरायची, ऱ्हायलेलं कोकरू बघाया." हरल्यावर तो ठरल्याप्रमाणे वाढायला आला. बायको बरी होऊन गेली, तरी पुढे कित्येकदा बाजारच्या दिवशी तो येऊन बादली उचलायचा.

इतक्यांची नावं मी त्या यंत्रात घातली. नरसय्यांचं कधी घातलं नाही. पद्माक्का सगळ्यांच्या पितरांना मोठ्याने हाका मारायची, त्यांच्याशी पडद्यावर भांडायची, पण स्वतःच्या घरचा शिधा ती सासू-सासऱ्यांच्या नावाने काढायची. तिच्या कपाळावर मोठं कुंकू असे. दर वर्षी पंधरवडा संपत आला की तिच्या येरझाऱ्या वाढायच्या. शेवटच्या दिवशी, सर्वपित्रीला, ज्यांची तिथी ठाऊक नसते त्यांचंही श्राद्ध होतं. त्या दिवशी ती सकाळीच दवाखान्यात जायची आणि संध्याकाळपर्यंत परतत नसे.

मग श्रीनिवासचं लग्न ठरलं. मुलगी हैदराबादची, माणसं चांगली. आणि जो प्रश्न इतकी वर्षं कुणी विचारला नव्हता, तो आता कुणीतरी विचारणं भाग होतं. माणूस बारा वर्षं बेपत्ता असला तर त्याचा पुतळा करून अंत्यविधी करतात, अशी आपल्याकडे रीत आहे. बारा वर्षं कधीच उलटून गेली होती. लग्नात आई सवाष्ण म्हणून उभी राहणार की विधवा म्हणून, हे मुलीकडच्यांना कळायला हवं होतं. अंबादास वाईट माणूस नव्हता. भावाच्या मागे त्यानेच हे घर सांभाळलं. तो येऊन विषय काढायचा आणि पद्माक्का उठून जायची. भांडी घासायला, गच्चीवर, नळावर. एकदा तो बोलत असताना ती मागच्या दाराने निघून आपल्याकडे आली आणि माझ्या कपाटातली सगळी पुस्तकं काढून झटकायला लागली.

"पद्मा," मी म्हटलं, "किती दिवस असं?"

"तुमीच सांगा बाई. तुमी शिकलेल्या. मी हो म्हटलं आणि ते आले दारात, तर? त्यांना काय तोंड दाखवू? तुम्हाला जाळून मोकळी झाले म्हणू?"

 तिने पुस्तकं पुन्हा लावली, चुकीच्या क्रमाने, आणि गेली.

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी दुपारी कार्यालय भरलं होतं. श्रीनिवास रजा काढून आला होता, तो भिंतीला टेकून उभा होता. सिनेमा व्हायचा होता, डाव चालू होते. मी माझ्या जागेवर, अक्षरांपाशी. तेवढ्यात अंबादास आत आला. अंगावर धुतलेलं धोतर, हातात सूप, आणि सुपात शिधा. गल्लीतल्या बायका आपोआप बाजूला झाल्या.

तिला तो तेलुगूतच वदिना म्हणायचा, म्हणजे वहिनी.

"वदिना," तो म्हणाला, "घरी तुमी थांबत न्हाय. म्हणून हितं आलो. अण्णाच्या नावाचा शिधा आणलाय."

कुणी शेंग फोडेना. वसीमने पंखा बंद केला, का कोण जाणे. पद्माक्का सुपाकडे बघत होती. आलेलं धान्य ती कधी परत पाठवत नसे, हे अंबादासला माहीत होतं. मला वाटतं त्याने नेमका तोच विचार केला होता.

"अम्मा, नको असेल तर..." श्रीनिवास पुढे आला.

तिने त्याला हाताने थांबवलं. सूप घेतलं, धान्याच्या ढिगाशी नेऊन ठेवलं. परत येऊन म्हणाली, "बाई, नाव घाला."

"नक्की?"

"घाला."

मी एक एक अक्षर घातलं. लाल गाडीवर नरसय्या उभे राहिले. निळ्यावर पद्मा. अंबादासने आयुष्यात पहिल्यांदा रिमोट हातात घेतला होता. गाड्या सुटल्या.

ती नेहमीसारखीच खेळली. डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली. पहिल्या वळणावरच अंबादासची गाडी भिंतीत घुसली आणि तिथेच चाकं फिरवत राहिली. निळी गाडी एकटी सगळा रस्ता तोडत रेषेपर्यंत आली. आणि रेषेच्या अलीकडे थांबली.

"अक्का, काय झालं? दाब की!" मागून एक बाई ओरडली.

"येऊ दे त्यांना," पद्माक्का म्हणाली.

आम्ही सगळे वाट बघत राहिलो. अंबादास एकेक करत सगळी बटणं दाबत होता. गाडी भिंतीतून निघायची, गोल फिरायची, पुन्हा भिंतीत. त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता. पद्माक्का अजिबात हलत नव्हती. इतक्या वर्षांत मी तिला अशी स्थिर उभी पाहिली नव्हती आणि मला ते बघवेना.

शेवटी अंबादासने रिमोट खाली केला. "वदिना, मला न्हाय ओ आणता येत अण्णाला. लई हिंडलो मी. भिवंडी बघितली, सुरत बघितली. न्हाय आणता येत. तुमी जावा पुढं."

तो रडायला लागला. एवढा मोठा माणूस, सगळ्यांसमोर.

पद्माक्काने आपला रिमोट खुर्चीवर ठेवला. त्याच्याजवळ गेली, त्याच्या हातातला घेतला. लाल गाडी हळूच मागे घेऊन भिंतीतून काढली. मग ती निघाली. ती गाडी तिने जशी चालवली तशी मी कधी कुणाला चालवताना पाहिली नाही. सावकाश, कुठे धक्का न लावता, वळणावर वेग कमी करून, पुलावरून, झाडांमधून, अख्खा रस्ता. ओठ हलत होते. तेलुगूत काही बोलत होती, मला कळलं नाही. लाल गाडी उभ्या निळ्या गाडीजवळ आली. तिथे जरा रेंगाळली. मग तिने ती रेषेपार नेली.

पडद्यावर पहिला क्रमांक नरसय्या असं आलं.

 मग ती अंबादासकडे वळली. "उद्या गुरुजींना बोलाव. पोराचं लगीन हाय, येळेत होऊ दे." आणि बायकांना म्हणाली, "जिंकले ते. उद्या बादलीला चिंचेचं चारू करायचं. लसणाची फोडणी. त्यांना लई आवडायचं, पातळ, भुरकायला." एवढ्या वर्षांत त्यांना काय आवडतं हे तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

निळी गाडी रेषेच्या अलीकडे तशीच उभी होती. मी यंत्र बंद केलं.

विधी झाला. मी गेले नव्हते, पण त्याच दिवशी दवाखान्यापुढे द्रोणात चिंचेचं चारू घेतलं. लग्न त्याच शेडमध्ये झालं, मार्गशीर्षात, खुर्च्या गल्लीपर्यंत लावून. वराला ओवाळायची वेळ आली तेव्हा बायकांत थोडी चुळबुळ झाली. एकीने अंबादासच्या बायकोला पुढे करायला बघितलं. अंबादास मांडवातून चालत आला, ताट उचललं, आणि वदिनाच्या हातात दिलं. "आई ओवाळंल," म्हणाला. पुढे कुणाची बोलायची छाती झाली नाही.

पुढच्या पावसाळ्यात श्रीनिवास तिला न्यायला आला. ज्या दिवशी ती हैदराबादला निघाली त्या दिवशी मी तिला शेवटचं पाहिलं, दवाखान्याच्या फाटकापुढे. गाडी उभी, सामान वर बांधलेलं, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. ती गाडीत बसली, उतरली, येऊन बायकांना सांगितलं की तुरीच्या डाळीत मीठ शेवटी घाला. पुन्हा बसली, पुन्हा उतरली, शेगडीची नळी वाकवून बघितली. मला म्हणाली, "बाई, तुमी या की हैदराबादला. पर तिकडं बसायला लावतात ओ लई." मग गाडी सुटली. तिचा हात खिडकीतून बाहेर होता आणि ड्रायव्हरला रस्ता दाखवत होता, जो त्याला माहीत होता.

तिकडे तिने काय केलं, कोणाला उठवलं, ते श्रीनिवासने सांगितलं तर पुढे कधी कळवीन.

आता इथलं. यंदाचा पंधरवडा चालू आहे. छताच्या काचांवर चादरी टाकल्या आहेत, वसीमने भुताचा सिनेमा आणला आहे, त्याचे केस पांढरे झाले आहेत. देशपांडे काकांना आता ऐकू कमी येतं, पण ते सुमनच्या नावाने खेळतात आणि हरतात. समोर कुणी एक जण खेळत नाही, पाळ्या लावल्या आहेत. पद्माक्काचं नाव यंदा घालायचं नाही, कारण वर्षश्राद्ध व्हायचं आहे आणि तोवर रीत नाही, असं काकांनी सांगितलं आणि मला ते पटलं. अक्षरं अजून मीच घालते. शिध्याच्या गोण्या काल भिंतीला लागल्या. दवाखान्यापुढे रोज दुपारी भात आणि आमटी मिळते, आणि जो येईल त्याला मिळते.

तुमची,
आजी